खिशातले हात

मिलिंद,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोलले नाही. तुझी सुनंदा दोनदा जवळ येऊन म्हणाली, आपा, तुम्ही बोला, तुमच्याइतकं जुनं त्याचं इथं कुणी नाही. मी मानेनंच नको म्हटलं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, प्रत्येक निरोप समारंभात माईक माझ्याच हातात असायचा, आणि तुझ्या वेळी मी मागच्या रांगेत पंख्याखाली बसून राहिले. बोलणार काय होते? जो उठत होता तो तुझे आभार मानत होता. एक गृहस्थ म्हणाले, डॉक्टरांनी मला दुसरा जन्म दिला. एक बाई म्हणाल्या, देवमाणूस होते. तू असतास तर या शब्दावर भिवई वर केली असतीस, तुमच्या घरात देवाला जागाच नव्हती. माझ्याकडे मात्र आभारांच्या आधी एक भांडण होतं, तेही अर्धं राहिलेलं. ते घेऊन माईकपाशी कसं जायचं, म्हणून गेले नाही.

तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. आमचे हे म्हणतात, शमीम, फरशी झिजेल. त्यांचं बरं आहे. पेपर वाचतात, जेवतात, दुपारची झोप काढतात. येरवड्यात राहतो म्हटल्यावर लोक हसून विचारतात, आत की बाहेर, तर हे तितक्याच शांतपणे सांगतात की सध्या बाहेर. मला ती शांतता कधी जमली नाही. स्वयंपाकघरातून गॅलरीत जाते, गॅलरीतून परत येते, डबा उघडते आणि काय हवं होतं ते आठवत नाही. मधेच हात छातीवर जातो, डाव्या बाजूला, तुला माहीत आहे कुठे.

गुरुवार जवळ आलाय. गुरुवारी माझ्या हृदयाची दुसरी नळी फुग्यानं उघडायची आहे. तारीख तू दिलेली, मीच लांबवत लांबवत इथवर आणलेली, आणि आता करायला तू नाहीस. जायचं की सरळ नको म्हणून कळवायचं, हे माझ्यानं ठरत नव्हतं. त्यात तू शेवटच्या फोनवर जे म्हणालास ते डोक्यात फिरत राहिलं.

फोन मीच केला होता. मी म्हटलं, बाबा रे, मी तुझ्या टेबलावर झोपेन, पण त्याआधी आपलं भांडण मिटलं पाहिजे, ते पोटात ठेवून मला झोपायचं नाही. तू हसलास. म्हणालास, "रविवारी वारज्याला ये, नीट भांडू. आणि आपा, मला तुला एक सांगायचंय." मी विचारलं, काय. तू म्हणालास, फोनवर नको, समोर बसलीस की सांगतो. शनिवारी दुपारी तू चहा टाकायला उठलास आणि ओट्यापाशीच पडलास. मेंदूतली नस फुटली म्हणे. इतकी वर्षं तू लोकांच्या हृदयाच्या नळ्या सांभाळल्यास आणि तुझा घात भलत्याच नळीनं केला. रविवारी मी वारज्याला आले, ठरल्याप्रमाणे. नीट भांडायला कुणी नव्हतं.

तुला पांढऱ्या चादरीत ठेवलं होतं. गळ्यापर्यंत चादर, हात आत. सगळे तुझा चेहरा बघत होते आणि मी त्या चादरीच्या घडीकडे बघत होते. तोंडातून शब्द निघणारच होता, हात दाखव. सुनंदा शेजारी होती म्हणून गिळला.

तुला ही गोष्ट सांगायला नको, तरी मला ती आज पुन्हा सांगायची आहे. खडकीच्या क्वार्टर्समध्ये आपली दारं समोरासमोर. माझे अब्बा आणि तुझे अण्णा दोघंही दारूगोळ्याच्या कामावर. मोठं असं आपल्या आठवणीत काही झालं नाही, पण कामच असं की घरच्या बायकांच्या मनातली धास्ती जायची नाही. म्हणून आपल्या ओळीत ती पद्धत पडली होती. संध्याकाळी भोंगा झाला की बायका दाराशी येत. माणूस यायचा, सायकल भिंतीला लावायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहायचा आणि दोन्ही पंजे पुढे करायचा. आधी तळवे, मग पालथे, बोटं पसरून. बघून झालं की आत, मग चहा. कुणी त्यावर काही बोलत नसे. अब्बा कधी घाईत तसेच आत शिरले तर अम्मी त्यांना परत बाहेर उभं करायची.

एकदा तुझे अण्णा हात खिशात घालून आले. सायकलच्या साखळीत अंगठा सापडून चिरला होता, कामाचा काही संबंध नव्हता, बाईला उगाच घोर नको म्हणून त्यांनी लपवला. तुझ्या आईनं खिशाकडे पाहिलं आणि तिथंच पायरीवर खाली बसली. अण्णांनी घाईघाईनं अंगठा काढून दाखवला, तेव्हा ती रडली आणि मग त्यांना भरपूर बोलली. हात खिशात घालून आलेला माणूस म्हणजे काहीतरी झालेला माणूस, हे तुला तर बाराखडीच्या आधी कळलं.

मी कॉलेजात जायला लागले आणि तू पाढ्यांत अडकलेला होतास. तुझे पाढे घ्यायचं काम माझ्याकडे आलं. तू दारात आलास की मी आधी हात बघायची, चिखल, शाई, नखं. ती सवय अशी मुरली की तू डॉक्टर झालास, तुझं लग्न झालं, केस पिकले, तरी माझ्या दारात पाऊल टाकलंस की मी म्हणायची, हात दाखव, आणि तू दोन्ही पंजे पुढे करायचास. सुनंदाला लग्नानंतर ते चमत्कारिक वाटलं होतं. तिनं आमच्या ह्यांना हळूच विचारलं, हा नवस वगैरे काही आहे का. हे म्हणाले, नाही, खडकीचा रोग आहे, औषध नाही.

तुझी पहिली नळी, म्हणजे ती कानातली, घेऊन तू पळत माझ्याकडे आला होतास. अजून डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षालाही नव्हतास. गॅलरीत मला बसवलंस, गंभीर तोंड करून ऐकलंस आणि म्हणालास, आपा, तुझं हृदय घाईत आहे. मी म्हटलं, पीठ मळायचं राहिलंय, म्हणून घाईत आहे. एवढं ऐकून तू जो हसलास ते हसू मला आत्ता ऐकू येतं, आणि मग मला बसवत नाही, उठून पुन्हा गॅलरीत जावं लागतं.

करोना ओसरल्यानंतरच्या हिवाळ्यात त्याच हृदयाची एक मोठी नळी बुजत आली. शाळेचा जिना मी अर्ध्यात थांबून चढायला लागले होते, निवृत्तीनंतरही मुख्याध्यापकांनी बोलावलं की शिकवायला जात होते ना, तेव्हाची गोष्ट. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे जायचा प्रश्नच नव्हता. टेबलावर मला झोपवलंस तेव्हा तू आधीच सांगितलं होतंस की फुगा फुगवला की तेवढा वेळ तिथलं रक्त थांबतं, छातीत दुखेल, दुखलं की सांग. दुखलं. मी सांगितलं. तू म्हणालास, आता जाईल, आणि गेलं. दुसऱ्यांदा फुगवलास तेव्हा पुन्हा दुखलं, आणि ते जाईना. तू माझ्याशी बोलणं थांबवलंस. आतापर्यंत माझ्या कारल्याच्या भाजीची चेष्टा चाललेली, ती एकदम थांबली आणि बाजूच्या माणसाशी तू तुटक तुटक बोलायला लागलास. मी वर छताकडे बघत पाढे म्हणत होते. मोठ्यानं नाही, मनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास. मला बरं वाटत होतं, चहा झाला होता, शेजारच्या बाईंना मी मिजाशीत सांगून ठेवलं होतं की डॉक्टर माझ्या हाताखाली शिकलाय. तू दारात दिसलास तशी मी नेहमीसारखी म्हणाले, हात दाखव. तू पलंगाच्या पायाशी उभा राहिलास. हसलास. हात पांढऱ्या कोटाच्या खिशात होते, ते बाहेर काढले नाहीस.

तू स्टूल ओढून बसलास आणि म्हणालास, "मोठी नळी छान उघडली, आपा. पण तिला जिथं फांदी फुटते तिथं फुग्याच्या दाबानं चरबी सरकली आणि फांदीचं तोंड बंद झालं. मी तार घालून बघितली, गेली नाही. आणखी खटपट केली असती तर मोठ्या नळीला धोका होता, म्हणून थांबलो. तेवढ्या भागाच्या स्नायूला इजा झालीय."

हृदयाचा स्नायू दुखावला की त्यातलं काहीतरी रक्तात उतरतं, ट्रोपोनिन का काय ते, आणि सकाळी काढलेल्या माझ्या रक्तात ते चांगलंच वाढलेलं होतं, हेही तू सांगितलंस. जागा लहान आहे, बाकीचं हृदय जोरात आहे, असंही म्हणालास. अशा कामात हे होतं, पुष्कळांना होतं, त्याला चूक म्हणता येत नाही, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. तू त्या वाक्याच्या आडोशाला गेला नाहीस. मी विचारलं, कुणाच्या हातानं झालं. तू म्हणालास, "माझ्या." आणि हात तसेच खिशात.

मी त्या वेळी शहाण्यासारखी वागले. बरं, म्हटलं. तू गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले.

भांडण घरी आल्यावर सुरू झालं. तू तपासायला आलास, हात दाखवायला मी सांगितलं नाही आणि तूही दाखवले नाहीस. मी विचारलं, त्या जागेवर काही उपाय आहे का. तू म्हणालास, नाही, आपली आपण भरून येईल, व्रण राहील. औषध बदललंस का? एक थोडं वाढवलंय. मला काही वेगळं करायचंय का? नाही, सगळं तेच. मग मला सांगितलंस कशाला, मी विचारलं. तू म्हणालास, "कारण ते तुझं आहे."

हे ऐकून मला जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही. शाळेत अशी पोरं मी पुष्कळ बघितली आहेत. येतात, बाई, मी कॉपी केली म्हणून सांगतात, हलकी होऊन खेळायला पळतात, आणि बाई बसते रात्रभर विचार करत की आता याचं काय करू. मी तुला तेच म्हटलं. तू सांगून मोकळा झालास, अडकले मी. ढेकर अडली तरी मला ती जागा दुखते. जिना चढताना ती जागा. वाकले तर ती जागा. हृदयात एक चिडका भाडेकरू आणून बसवलास तू, आणि त्याची खोली कुठली तेही नेमकं दाखवून ठेवलंस.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचीही नळी अशीच फुग्यानं उघडली, दुसऱ्या दवाखान्यात. ते पेढे वाटत घरी आले, सगळं फर्स्ट क्लास म्हणून, आणि आता रोज सकाळी पर्वती चढतात. मी तुला सांगितलं तर तू म्हणालास, त्यांनाही थोडीफार इजा झाली असेल, कुणी नंतर रक्त तपासलं नसेल. मी म्हटलं, बघ ना, न तपासल्यानं किती तब्येत सुधारली. तू हसला नाहीस. तू प्रत्येकाचं रक्त तपासायला पाठवायचास, काही त्रास नसला तरी. तुझ्याबरोबरचे डॉक्टर त्यावरून तुझी चेष्टा करत, नसतं दुखणं हुडकतोस म्हणून, हेही तूच मला सांगितलं होतंस, आणि त्या वेळी मी तुझ्या बाजूची होते. माझ्या रक्तात सापडेपर्यंत.

मग ईदला शीरखुर्मा खाताना तेच, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तुमच्याकडे खीर खाताना तेच. सुनंदा आणि हे दोघं बाहेर जाऊन बसायचे. तू एकदा अण्णांना मधे आणलंस. म्हणालास, त्या दिवशी अण्णांनी अंगठा लपवला तर आईचं काय झालं ते तू बघितलंस ना, लपवलेलं जास्त घाबरवतं. मला त्या वेळी जे सुचलं ते मी बोलले. मी म्हटलं, "अण्णांनी स्वतःचा अंगठा दाखवला, मिलिंद. तू माझं काळीज दाखवलंस. हात दाखवायचा असतो तो बघणाऱ्याची धास्ती जावी म्हणून. तुला बघायचंय का, असं आधी मला विचारलंस का?"

तू खिरीच्या वाटीत चमचा फिरवत बसलास. मग म्हणालास, याचा विचार करतो. विचार करून काय ठरवलंस ते मात्र कधी बोलला नाहीस, आणि मीही विचारलं नाही. तू येत राहिलास, मी पुन्हा हात दाखव म्हणायला लागले, तू दाखवायला लागलास. भांडण तसंच कोपऱ्यात पडून होतं. तू गोळ्या लिहून द्यायचास, मी डबा भरून द्यायची. खरं सांगायचं तर माझे पाय पुन्हा चालायला लागले होते. मी जिने चढत होते, बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या आणत होते, लेकीच्या बाळंतपणाला उभी राहिले होते. ज्या हातानं तो कोपरा दुखावला त्याच हातानं बाकीचं सगळं हृदय मला परत दिलं होतं. हे मी तुला एकदाही म्हटलं नाही. भांडणात ते म्हणायची सोय नसते.

आता मला ते म्हणायचं आहे आणि ऐकायला तू नाहीस. तुझी मला फार आठवण येते रे. रागासकट येते.

मागच्या आठवड्यात मी सुनंदाला विचारलं, त्याला मला काय सांगायचं होतं, तुला काही बोलला होता का. ती आठवून म्हणाली, नक्की माहीत नाही, पण आपापुढे एक कबूल करायचंय, असं म्हणत होता. कबूल. झालं, माझ्या पायांना पुन्हा भिंगरी लागली. मागच्या महिन्यात तूच पुन्हा माझ्या नळ्यांचे फोटो काढले होतेस. त्यात आणखी काही दिसलं होतं का? ती जागा वाढली होती का? की पहिल्या वेळचंच काही होतं जे तू अर्धंच सांगितलंस? सगळं सांगणारा माणूस म्हणून मी तुझ्यावर चिडले होते, आणि आता मला वाटायला लागलं की तूही काहीतरी राखून ठेवलं होतंस. हे दुसरं मला पहिल्यापेक्षा जास्त लागलं. माझं मलाच त्याचं हसू आलं, पण लागायचं थांबलं नाही.

शेवटी मी ठरवलं की जाऊन नको म्हणून सांगून यायचं. हे रिक्षात माझ्या शेजारी बसून म्हणाले, नको म्हणायला इतक्या लांब कशाला, फोनवर नको म्हणता येतं.

तुझ्या खोलीत तुझ्या खुर्चीवर नाही, बाजूच्या खुर्चीवर डॉक्टर केतकी बसली होती. तुझी शिकाऊ, आता तुझे पेशंट तीच बघते. वयानं माझ्या लेकीहून लहान. "काकू, अजिबात टेन्शन घेऊ नका, सरांनी सगळं प्लॅन करून ठेवलंय," म्हणाली. मी म्हटलं, फोटो दाखव. तिनं दाखवले. काळ्या पांढऱ्या फांद्या, त्यात एक ठिकाण दाबल्यासारखं. मी विचारलं, याशिवाय काही आहे का, खरं सांग. तिनं पुन्हा नीट बघितलं आणि म्हणाली, नाही काकू, एवढंच आहे. पहिली नळी मस्त चाललीय. त्या फांदीपाशी जुना छोटा व्रण आहे, तो आहे तेवढाच आहे.

म्हणजे ते नव्हतं. मग काय कबूल करायचं होतं तुला? मी पदर सावरला आणि मला हे करायचं नाही असं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं लॅपटॉप मिटला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. आतापर्यंत घाईत बोलत होती, ती सावकाश बोलायला लागली.

"काकू, अजून एक विचारायचं असतं. फुगा फुगवताना कधीकधी हृदयाच्या स्नायूला थोडी इजा होते. पुष्कळदा पेशंटला जाणवतही नाही. तसं काही झालं, तर तुम्हाला सांगायचं, की घरच्यांना, की गरज नसेल तर कुणालाच नको? तुम्ही म्हणाल तसं करू."

हे तुला कुणी शिकवलं, मी विचारलं. सरांनी, ती म्हणाली, सर प्रत्येकाला आधी विचारायचे. पहिल्यापासून? नाही, मी जॉइन झाले तेव्हा डायरेक्ट सांगायचे, मग मधेच बदललं. का बदललं ते विचारलंस का त्यांना? विचारलं ना, म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर तुझ्या आठवणीनं हसू आलं. तुझा आवाज काढायचा प्रयत्न करत तिनं सांगितलं, "खडकीची माझी एक आपा आहे, तिच्याशी मी भांडण हरलोय. फक्त तिला अजून कबूल केलेलं नाही."

तिच्यासमोरच्या कागदावर माझं नाव शमीम शेख होतं. ती आपा मीच, हे तिला कळायचं कारण नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

मिलिंद, अरे, हरलास तर सांगायचं नाही का? उभ्या जगाला सगळं तोंडावर सांगणारा माणूस तू. मला माझ्या काळजाची जखम सांगितलीस, वर कुठल्या कोपऱ्यात ते सांगितलंस, आणि एवढी एक गोष्ट, जिनं मला खरंच बरं वाटलं असतं, ती तेवढी खिशात ठेवलीस. तीन ईदा आणि तेवढ्याच खिरी आपण उगाच भांडलो. की तुला भांडायला यायला आवडत होतं? मला आवडत होतं. हे आत्ता लिहिताना कळतंय.

केतकी उत्तराची वाट बघत होती. माझं उत्तर कधीपासून तयार होतं. तुला कितीदा तरी ऐकवलेलं, घासून गुळगुळीत झालेलं, नको, मला काही सांगू नका. पण त्या मधल्या दिवसांत, तू काय लपवलंस या विचारानं मी घरभर फिरत होते, तेव्हा ती चिडकी जागा एकदाही दुखली नव्हती. जी माहीत होती तिची भीती केव्हाच सरली होती. जे माहीत नव्हतं त्यानं मला बसू दिलं नव्हतं.

"सांग," मी म्हणाले. "मलाच सांग. आणि सांगायला येशील तेव्हा हात खिशात घालून येऊ नकोस."

तिला काही कळलं नाही. पण पोरगी गुणी आहे, तिनं कोटाच्या खिशातले हात काढून टेबलावर ठेवले. मी म्हटलं, उलटे कर. तिनं केले. लहान हात आहेत रे तिचे, नखं अगदी बारीक कापलेली. मी आधी तळवे बघितले, मग पालथे बघितले, आणि मग तिला म्हटलं की गुरुवारी येते. बाहेर हे बाकावर बसल्या बसल्या पेंगत होते. नको म्हणून आलीस ना, विचारलं. मी म्हटलं, चला, चहा घेऊ.

परत येताना रिक्षा खडकीवरून घ्यायला लावली. आपली ओळ आता रंगवलीय, दारांत दुसरी माणसं. मी उतरले नाही, नुसतं पाहिलं.

तर गुरुवारी मी जाते. भीती आहेच. तुझ्याजागी दुसऱ्याच्या हातांखाली झोपायचं म्हणजे मला छताकडे बघून पुन्हा पाढे म्हणावे लागणार. भांडण तू हरलास, हे मी तुझ्या माणसाच्या तोंडून ऐकलंय, ते मी सोडणार नाही. पण वेळ आली तेव्हा उत्तर मी तुझंच दिलं, तेही तुला कळलं पाहिजे, म्हणून हे सगळं लिहिलं. आता आपल्या दोघांत काही राहिलं नाही.

आता काढ बाहेर हात. बघू दे.